डोंगरातली पायवाट आणि आपली विहीर



या पत्रिकेतून आम्ही आजवर बेणे, लागण, खोडवा, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांवरच लिहीत आलो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. आपल्या उत्तरेला जो सातपुडा रोज दिसतो, त्यातल्या पायवाटांविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आहे. कोणी म्हणेल, "साहेब, आम्हाले काय डोंगर नवा हाय? रोज पाहतो." पाहतो हे खरे. पण आपल्यापैकी किती जण पायी वर गेले आहेत, हे गटागटांत विचारून पाहा. नवसाला किंवा यात्रेला गेलेले निघतील. नुसता डोंगर पाहायला, आपल्या विहिरीचे पाणी कुठून येते ते पाहायला गेलेले क्वचितच सापडतील. हा लेख त्यासाठीच आहे.

डोंगराची ठेवण

अकोट, अंजनगाव किंवा परतवाड्याहून पाहिले तर सातपुडा उभ्या भिंतीसारखा वाटतो. खालची सपाटी समुद्रसपाटीपासून तीन-साडेतीनशे मीटरवर, आणि वर चिखलदऱ्याजवळचा वैराट ११७८ मीटरवर. भिंत एकदा चढून गेलो की मात्र पुढे सगळा कलता, लाटालाटांचा मुलूख आहे. एक टेकडी उतरली की दुसरी लागते, मध्ये नाला, पलीकडे सागवान आणि एखादा कोरकू ढाणा. पूर्वेला बहिरम-सालबर्डीकडे तर भिंतही ठेंगणी होत जाते, आणि म्हाताऱ्या माणसालाही काठी टेकत चालता येईल अशा टेकड्या लागतात.

या डोंगरमाथ्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. पलीकडच्या उताराचे पाणी सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या तापीला नेतात. अलीकडच्या उताराचे पाणी वान, शहानूर, चंद्रभागा, सापन या नद्या घेऊन खाली येतात आणि पूर्णेला देतात. खुद्द पूर्णाही याच सातपुड्यात, पण सीमेपलीकडे बैतूल जिल्ह्यातल्या भैसदेहीकडे उगम पावते. पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. म्हणजे वरच्या कण्यावर पाठीला पाठ लावून निघालेले पाणी शेवटी एकाच संगमात भेटते. चुलतभाऊ वाटण्या होऊन वेगळे झाले तरी लग्नकार्यात एका पंगतीला बसतात, तसे हे आहे.

आता आपल्या कामाचे. डोंगराच्या पायथ्याला गोटे, वाळू, मुरूम यांचा जाड थर आहे. भूजलवाले त्याला बाजाडा म्हणतात. डोंगरातून उतरणारे नाले इथे आले की अर्धे पाणी पोटात घालतात. आपल्या विहिरी आणि बोअर याच पाण्यावर आहेत. तेच दक्षिणेला दहा-पंधरा कोस जा. दर्यापूरकडे पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा सुरू होतो. तिथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते ऊस तर सोडाच, प्यायलाही चालत नाही. तिकडच्या गावांना शहानूर धरणाचे पाणी पाइपाने न्यावे लागते. तीच काळी माती, तोच पाऊस. फरक पडतो तो डोंगर किती जवळ याने. तेव्हा वऱ्हाडात आपण ऊस लावू शकतो याचे निम्मे श्रेय आपल्या मेहनतीचे आणि निम्मे या डोंगराचे आहे, असे आम्ही नेहमी म्हणतो.

नरनाळ्याची वाट

पहिली वाट अकोलेकरांची. अकोटच्या उत्तरेला शहानूर हे गाव आहे, तिथून नरनाळा किल्ल्यावर वाट चढते. आता वर मोटारही जाते, पण दरवाजांची खरी शोभा पायी जाणाऱ्यालाच कळते. शहानूर दरवाजा, मेहंदी दरवाजा, मग महाकाली दरवाजा. या महाकाली दरवाजावर १४८७ सालचा लेख आहे. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहउल्ला इमाद-उल-मुल्क याच्या वेळचा तो. दगडातली जाळी आणि कोरीव काम पाहून गवंडीकाम करणारा माणूस हात लावल्याशिवाय राहणार नाही.

आम्हाला मात्र नरनाळ्यावर आवडतात ते तलाव. एवढ्या उंचीवर शेकडो माणसे, घोडी, हत्ती बाळगायचे तर पाणी पाहिजे. ते पाणी वरच्या वर अडवले. उताराला बांध, एका तलावाचा सांडवा दुसऱ्यात, अशी सगळी योजना आहे. मोठ्या तलावाचे नाव शक्कर तलाव. साखर कारखान्याच्या सभासदाने तो पाहिलाच पाहिजे! गंमत बाजूला ठेवू. पाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांना जे कळत होते, ते आपल्याला आज पाणलोट विकासाच्या बैठकीत पुन्हा शिकावे लागते. पडलेले पाणी पळू देऊ नका, एवढेच ते.

धारगडची वाट

दुसरी वाट आपल्या पुष्कळ सभासदांच्या पायाखालची आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी अकोट-पोपटखेड-खटकालीच्या वाटेने धारगडच्या महादेवाला लोक जातात. ऐन पावसाळा, नाले भरलेले, डोक्यावर पोते किंवा प्लास्टिक, आणि तोंडाने हर बोला महादेव. हा भाग व्याघ्र प्रकल्पाचा आहे, म्हणून यात्रेपुरती वाट खुली होते आणि लगेच बंद होते. वर्षातून एकदाच उघडणारी वाट म्हणून तिचे मोल जास्त. पण दुसऱ्या दिवशी त्या वाटेवर पत्रावळी, द्रोण, पाण्याच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या यांचा जो थर राहतो, तो पाहून मान खाली जाते.

गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली याच पट्ट्यात, अंजनगाव सुर्जीजवळ शेंडगावला झाला. उभ्या महाराष्ट्राच्या यात्रांमध्ये खराटा घेऊन फिरलेला माणूस आपल्या शेजारच्या गावचा. त्यांच्या मुलुखातल्या यात्रेकरूला कचरा टाकू नका असे सांगावे लागू नये.

गाविलगडची वाट

तिसरी वाट चिखलदऱ्याची. परतवाड्याहून धामणगाव गढीवरून घाट चढला की चिखलदरा, आणि तिथून दोन-तीन किलोमीटरवर गाविलगड. गवळ्यांचा गड तो गाविलगड. गुरांच्या खुरांनी पडलेल्या वाटांवरच पुढे फौजा चालल्या.

या किल्ल्याची हकीकत वाटेसाठीच सांगण्यासारखी आहे. १८०३ साली नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातल्या या गडावर इंग्रज आले. दक्षिणेकडून कडा ताठ, तिकडून डाळ शिजेना. तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनची फौज ७ डिसेंबरला निघाली आणि सुमारे ३० मैलांचा डोंगर वळसा घालून १२ तारखेला उत्तरेच्या अंगाला पोचली. जड तोफा घळी-खिंडींतून माणसांनी हातांनी ओढल्या, आणि जिथे वाट नव्हती तिथे वाट करीत गेले. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. शाळेच्या पुस्तकात आपण ही नावे पाठ केली, पण ती गावे आपल्याच गटांच्या शेजारची आहेत हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. गड तोफांनी पडला असे म्हणतात. आमच्या मते तो वाटेने पडला. ज्याला डोंगराची वाट कळली त्याला गड मिळाला.

या गडावरून खाली पाहिले की चंद्रभागेचे खोरे दिसते आणि त्यापलीकडे आपली शेते. ऊस, संत्रा, केळी, कपाशी, प्रत्येकाचा हिरवा रंग वेगळा. नाल्याचा काळा धागा डोंगरातून निघून कोणाच्या शेताजवळून जातो, ते बोटाने दाखवता येते. नकाशावर शंभरदा दाखवून जे पटत नाही, ते इथे एका नजरेत पटते.

सीमेवरची वाट

चौथी वाट पूर्वेकडची, आणि आम्हाला सर्वांत जवळची. चांदूर बाजार तालुक्यातले बहिरम, परतवाड्यापलीकडची मुक्तागिरी आणि मोर्शी तालुक्यातली सालबर्डी ही तिन्ही ठिकाणे डोंगराच्या कुशीत, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर किंवा तिला खेटून आहेत. टेकड्या सौम्य आहेत आणि हिवाळ्यात ऊन गोड लागते.

बहिरमची यात्रा डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास भरते आणि जानेवारीअखेरपर्यंत चालते. रोडगे, हंडीतले मटण आणि मातीची भांडी यांचे वर्णन आम्ही करावे असे नाही. तिथे सीमेपलीकडचे बैतूलचे शेतकरी आणि आपले शेतकरी एकाच पंगतीला बसतात. मुक्तागिरी बैतूल जिल्ह्यात. जैनांचे सिद्धक्षेत्र, डोंगरउतारावर ५२ मंदिरे आणि मधून कोसळणारा धबधबा. पण जाणारा बहुतेक परतवाड्यावरूनच जातो. सालबर्डीचे तर गावच नदीच्या दोन काठांवर आहे. एक काठ आपला, दुसरा मध्य प्रदेशाचा. महाशिवरात्रीला डोंगरातल्या गुहेतल्या महादेवाला जाणारा माणूस पाय ओले करतो आणि राज्य बदलतो, त्याला ते कळतही नाही. महानुभाव परंपरा सांगते की चक्रधरस्वामी रिद्धपूरहून निघून याच सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे राहिले. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ ज्यांच्या लीळांचा, त्यांच्या पायांखालची ही माती.

ही सीमा फार जुनी आहे असेही नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत अमरावती, अकोला आणि बैतूल हे जिल्हे एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली, वऱ्हाड मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. कागदावर रेघ ओढली गेली, पण सोयरिकी, गुरांचे बाजार आणि देवाच्या वाटा तशाच राहिल्या. पाण्याला तर रेघ माहीतच नाही. पूर्णा उगम पावते पलीकडे आणि भिजवते आपल्याला.

परदेशातही अशा सीमावाटा आहेत. इंग्लंड आणि वेल्स यांच्या हद्दीवर आठव्या शतकात ऑफा नावाच्या राजाने एक लांबलचक मातीचा बांध घातला होता. शेजारी तिकडेच राहावा म्हणून! बांधावरून भांडण हे काही वऱ्हाडातच होत नाही. १९७१ साली त्याच बांधाच्या आधाराने तिथे सुमारे २८५ किलोमीटरची पायवाट लोकांसाठी खुली केली. ती वीसहून अधिक वेळा सीमा ओलांडते. वाट शेतकऱ्यांच्या कुरणांतून जाते. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, आणि चालणाऱ्याने फाटक जसे होते तसे ठेवायचे हा दंडक आहे. भांडणासाठी घातलेल्या बांधावरून आज दोन्हीकडची माणसे चालतात. आपल्याकडे तर भांडणही नव्हते. वाटा आहेत, त्या जपायच्या एवढेच काम आहे.

डोंगराचे पाचट

आता ज्यासाठी हा सगळा विषय काढला ते सांगतो.

ऊस तुटला की पाचट जाळू नका, हे आम्ही दरवर्षी ओरडून सांगतो. एकरी तीन ते चार टन पाचट निघते. सरीत आच्छादन केले तर ओल टिकते, तण दबते, माती भुसभुशीत होते, खोडव्याची एखादी पाळी वाचते. काडी लावली तर अर्ध्या तासात सगळी राख. आता पुष्कळ सभासद हे मान्य करतात, आणि त्यांचा खोडवा पाहून शेजारीही शिकतात.

डोंगरातही हेच आहे. थंडी सरता सरता सागाची पाने गळतात, एकेक पान सुपाएवढे. धावडा, ऐन, तेंदू, मोह यांचाही पालापाचोळा त्यात पडतो. हे डोंगराचे पाचट. जूनमध्ये पहिला वळवाचा सडाका येतो तेव्हा हे पाचट थेंबाचा मार स्वतःवर घेते, पाणी धरते आणि हळूहळू जमिनीत सोडते. तेच पाणी पुढे नाल्यात आणि बाजाड्यात येऊन पौष-माघापर्यंत आपल्या विहिरीला पाझर देते.

फेब्रुवारीपासून जूनपर्यंत या पाचोळ्याला वणवा लागतो. डोंगराला आपोआप आग लागत नाही, ती बहुतेक माणसाच्याच हाताने लागते. कोणी मोहाची फुले वेचायला झाडाखालची जागा जाळून साफ करतो. कोणी तेंदूला कोवळे पान यावे म्हणून काडी लावतो. कोणी बांधावरचे गवत पेटवतो आणि वारा ते वर नेतो. आणि कोणी आपल्यासारखाच यात्रेकरू तीन दगडांची चूल मांडतो, स्वयंपाक करतो आणि निखारे तसेच टाकून बस पकडतो. विडीचे थोटूकही पुरते.

वणवा गेला की डोंगर उघडा पडतो. मग पहिल्याच पावसात राख आणि माती नाल्याने खाली येते. पूर येतो, तासाभरात ओसरतो आणि चार दिवसांनी नाला कोरडा. जी माती वाहून आली ती वान, पोपटखेड, शहानूर, चंद्रभागा, सापन या धरणांच्या पोटात बसते. जी जागा पाण्याची, ती गाळाची होते. तेव्हा सभासद बंधूंनो, चैत्रात रात्री डोंगरावर लाल माळ दिसली तर "जंगल जळून रायलं" एवढे म्हणून कूस बदलू नका. आपल्याच खोडव्याचे पाणी जळत आहे असे समजा.

डोंगरात चालणारा माणूस जसा आग लावू शकतो, तसाच आग सर्वांत आधी पाहूही शकतो. म्हणून आम्ही लोकांनी डोंगरापासून दूर राहावे असे म्हणत नाही. जावे, पाहावे, ओळख करून घ्यावी. ज्या विहिरीत आपण उतरलो तिच्यात आपण घाण टाकत नाही. डोंगराचेही तसेच होईल.

वाटा जाणणारे

या वाटांची खरी माहिती कोरकू लोकांना आहे. त्यांची भाषा मराठीची किंवा हिंदीची बहीण नाही. तिची नाती थेट झारखंडच्या मुंडारी-संथालीशी आहेत. कोणत्या नाल्याला वैशाखातही डबके असते आणि अस्वल कुठल्या मोहाखाली येते, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळते. मेळघाटात १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे या शतकात बोरी, कोहा, कुंड यांसारखी काही गावे गाभा क्षेत्रातून उठून खाली आली. त्यांतली कित्येक कुटुंबे आज अकोटकडच्या सपाटीवर आपल्या शेजारी राहतात आणि आपल्या शेतात मजुरीलाही येतात. त्यांच्या म्हाताऱ्यांच्या पायांना ज्या वाटा ठाऊक आहेत त्या त्यांच्या नातवांनी पाहिलेल्याही नाहीत. अशा म्हाताऱ्याजवळ बसून चहा पिता पिता एखाद्या नाल्याचे नाव विचारा. त्याचा चेहरा उजळेल आणि आपल्याला चार गोष्टी कळतील. वाटाड्या म्हणून घ्याल तर ठरलेली मजुरी हातावर ठेवा. नुसता चहा पाजून भागवू नका.

चालणाऱ्यांसाठी सूचना

१. गाभा क्षेत्रात परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. ज्या वाटेला वनखात्याची परवानगी आहे तीच वाट धरावी आणि नोंद करून, ठरवून दिलेला वाटाड्या सोबत घेऊन जावे. वाघाचे घर ते वाघाचेच.

२. एकट्याने जाऊ नये, पाच-सहा जण असावेत. बोलत चालावे. अस्वल अचानक समोर आलेल्या माणसावर धावते, चाहूल लागली तर बहुधा बाजूला होते. मोह फुलतो त्या दिवसांत पहाटेची वाट टाळावी.

३. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात वरून नाला कधी येईल सांगता येत नाही. पाणी गढूळ झाले की ओलांडू नये, उतरेपर्यंत थांबावे.

४. काडीपेटी, विडी, सिगारेट घरी ठेवावी. भाकरी, ठेचा, कांदा बांधून न्यावा. डोंगरात चूल मांडू नये.

५. जे नेले ते परत आणावे. एक रिकामी पिशवी खिशात असू द्यावी आणि दुसऱ्याने टाकलेले चार कागदही उचलावेत.

६. माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला दुपट्टा, पायात घट्ट बूट. साप चावला तर दोरी बांधणे, चिरा देणे, मांत्रिक असले काही न करता थेट सरकारी दवाखाना गाठावा.

७. धूर दिसला तर जवळच्या वनरक्षकाला लगेच कळवावे. स्वतः विझवायला धावू नये, वारा फिरला की माणूस सापडतो.

तोडणीचे वेळापत्रक लागण्यापूर्वी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, गटवार एक दिवसाची पदयात्रा काढावी असा आमचा विचार आहे. पहिली नरनाळ्याची आणि दुसरी सालबर्डीची. परवानगीचे काम शेतकी खाते पाहील. ज्यांना यायचे त्यांनी आपली नावे गट कार्यालयात किंवा चिटबॉयकडे द्यावीत. घरच्या लक्ष्मीला आणि दहावी-बारावीच्या पोरापोरींना अवश्य आणावे. उद्या विहीर त्यांच्याच नावावर होणार आहे. पाणी कुठून येते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असले म्हणजे वरच्या डोंगराची राखण कोणी करायची हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आणि यंदाचे पाचट तेवढे जाळू नका. ना शेतातले, ना डोंगरातले.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग